थोरली, धाकटी आणि मधला खटका

इंदूरची थंडी कॅलेंडरातून येत नाही, कढईतून येते. गल्लीच्या तोंडाशी गराडूची गाडी लागली, त्या सुरणाच्या चुलतभावाचे जाड काप तेलात पडून चरचरले, वर जिरावन मसाला भुरभुरला आणि लिंबू पिळलं, की समजायचं, आला मोसम. यंदा गाडी परवा लागली. मी स्वेटर काढायला ट्रंक उघडली आणि हाताला नेमका तोच लागला, छातीवर सात भोकं असलेला. विचारणाऱ्याला मी सांगतो की ही छऱ्यांची भोकं आहेत, चंबळच्या खोऱ्यात एका बागी टोळीने मला मुख्यमंत्री समजून गोळीबार केला होता. निम्मे लोक विश्वास ठेवतात. उरलेले निम्मे विचारतात, "भिया, मग मेला का नाहीत?" त्यावर मी म्हणतो, "स्वेटर फार चांगला विणलेला होता."

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. विणला मंदावहिनींनी होता. आणि भोकं बॅटरीच्या ॲसिडची आहेत.

मी छत्रीबागेत राहतो. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली खान नदी. खान नदीत आता नाव चालत नाही, नुसतं नाव चालतं. लग्न केलं नाही. का केलं नाही, याची माझ्याकडे सात कारणं आहेत आणि सातही मुली राजघराण्यातल्या आहेत. बावीस वर्षं मिलच्या बिजलीघरात होतो. माझ्या एका हाताच्या झटक्याने सातशे साचे, म्हणजे कापडाचे माग, सुरू व्हायचे, अर्ध्या इंदूरच्या अंगावरचं कापड माझ्या मनगटातून निघायचं. राजवाड्यातल्या होळकरांकडे तोफा होत्या, माझ्याकडे मेन स्विच होता. एवढाच काय तो फरक.

मग मिल बंद पडली. एकदम नाही पडली. म्हातारा माणूस जसा एकेक जिना चढायचं सोडतो, तशी. आधी रातपाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी गेटला कुलूप आणि गेटवर कागद. सगळ्यात आधी काय जाणवलं सांगू? भोंगा. लहानपणापासून शहराच्या छातीतून निघणारा तो हुंदका थांबला आणि लोकांना कळेना की उठायचं कधी. आमच्या गल्लीतला एक कोंबडा बावचळून दुपारी आरवायला लागला. त्याला बिचाऱ्याला वाटायचं, भोंगा आधी, मग आपण. पेपरात त्या दिवसांत 'उदारीकरण' असा एक शब्द रोज यायचा. दुकानांत नवीन कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या उगवल्या. सगळं जग उघडत होतं म्हणे. आमचं तेवढं गेट बंद होतं.

भास्कर त्याच मिलमध्ये जॉबर होता, म्हणजे वीस साच्यांचा मुकादम. माझा शाळेपासूनचा दोस्त. घर स्नेहलतागंजात, दोन खोल्यांचं. संध्याकाळचं माझं जेवण तिथे. हे कधी ठरलं नव्हतं, कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. मंदावहिनी ताट वाढायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, आज कुठल्या राजकन्येने नाही म्हटलं?" मी राजकन्येचं संस्थान सांगायचो, त्या आमटी वाढायच्या. बावीस वर्षांत एकही संस्थान दोनदा आलं नाही. हिंदुस्थानात एवढी संस्थानं नव्हती, पण आमटी चांगली होती.

मिल बंद झाल्यावर कुणी ऑटोरिक्षा घेतली, कुणी शेव-नमकीनचा ठेला टाकला. भास्करने नाव आणली. खरोखरची, लाकडी, नर्मदेवरची. बडवाहकडून ट्रकवर चढवून घाटातून वर आणली. "सगळ्यांनी रिक्षा घेतल्या," तो म्हणाला, "रिक्षेला रस्ता लागतो, यार. रस्त्यावर आता फार गर्दी होणार." ट्रक छत्रीबागेतून गेला तेव्हा शंभर, छे, पाच हजार पोरं मागे धावली. एक म्हातारा दारातून ओरडला, "अरे, अनंत चतुर्दशी तो हो गई ना? ये झाँकी किसकी रह गई?" आमच्या गावात ट्रकवर अशी मोठी वस्तू दिसली की ती मिलवाल्यांची गणपतीची झाँकीच असणार. कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने मात्र मुळावर घाव घातला. "वो सब ठीक है भिया, पर दरिया किधर है?"

दरिया म्हणजे खंडवा रोडचा बिलावलीचा तलाव. नाव तिथे पाण्यात उतरली. तिला एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन लावलं, जीपचीच बॅटरी, जीपचाच स्टार्टर. भास्करचा बेत असा, की लोकांना तलावाच्या मध्यावर न्यायचं आणि तिथे इंजिन बंद करायचं. "इंदूरच्या माणसाने शांतता ऐकलेलीच नाही," तो म्हणायचा. "मिल होती तेव्हा खडखडाट, आता टीव्ही. मी त्यांना शांतता ऐकवणार." त्या थंडीत पाण्यावर बदकांचे थवे उतरले होते, उत्तरेकडून आलेले. मी बसलेल्यांना सांगायचो की ही रशियातून आलीत, तिकडे त्यांचं सरकारच बंद पडलंय, निदान आपली मिलच बंद पडली. लोक हसायचे. मग इंजिन थांबायचं, आणि पाण्याचा फळ्यांवर चुबुक चुबुक आवाज, लांब कुठेतरी पंखांची फडफड, संध्याकाळचं लालसर धुकं. भास्करने दोन्ही कडांना छोट्या दिव्यांची माळ लावली होती आणि टेपरेकॉर्डरवर हळू सनई लावायचा. दहा-पंधरा मिनिटं ती नाव म्हणजे, खोटं नाही सांगत, स्वर्गाची वेटिंग रूम होती.

मग भास्कर चावी फिरवायचा आणि इंजिन म्हणायचं, कट्.

दिवे आणि सनई मिळून बॅटरी पिऊन टाकायचे, स्टार्टरला प्यायला काही उरायचं नाही. मग एक बांबू होता, त्याने वल्हवत किनाऱ्याला यायचं. शांतता ऐकायला आलेले लोक येताना भलतंच ऐकवायचे.

दिवाळीनंतर पुण्याहून शिरीषचं पत्र आलं. शिरीष म्हणजे भास्करचा मुलगा, तिकडे एका कारखान्यात इंजिनिअर. बाबा, आई, इथे या, दोन खोल्या जास्तीच्या आहेत, तिथे आता काय ठेवलंय. पत्र मंदावहिनींनी मोठ्याने वाचलं. ताटात माझा घास तसाच राहिला. भास्कर म्हणाला, "संक्रांतीला येतोय तो. तोवर नाव धड चालायला लागली तर राहतो. नाहीतर जाऊ." माझ्याकडे बघून म्हणाला, की पत्राकडे, आठवत नाही.

मी म्हणालो, "हत्, एवढंच ना? दुसरी बॅटरी बसवू. सातशे साचे चालवलेत मी, तुझी होडी काय चीज आहे."

दुसऱ्या दिवशी मी सियागंजजवळ नसीरभाईंकडे गेलो. नसीरभाई गाड्यांचं इलेक्ट्रिक बघायचे, तोंडात कायम पान, बोलणं पानाच्या कडेकडेने. मी म्हटलं, दोन बॅटऱ्या शेजारी ठेवतो, एकमेकींना जोडतो, ताकद दुप्पट. ते हसले. "भिया, ये तो जॉइंट फैमिली हो गई. एक खर्चीला भाई, एक कमाऊ. खर्चीला दोनों का उड़ा देगा." मग त्यांनी काडेपेटीवर चित्र काढून समजावलं. एक बॅटरी इंजिनची, तिने फक्त स्टार्टर फिरवायचा. दुसरी दिव्यांची आणि सनईची. मध्ये एक दरवाजा. इंजिन चालू असेल तेव्हा दरवाजा उघडा, म्हणजे इंजिन दोघींनाही चार्ज करेल. इंजिन बंद झालं की दरवाजाही बंद, म्हणजे दुसरी कितीही उधळी असली तरी पहिलीच्या ताटातलं घेणार नाही. त्यांनी एक लोखंडी डबी दाखवली, हे आपोआप करणारी. "इंजन बंद, तो दरवाजा अपने आप बंद. किसी को याद रखने की जरूरत नहीं."

याद! बावीस वर्षं मेन स्विचवर उभ्या राहिलेल्या माणसाला याद ठेवायला डबी लागणार? मी डबी परत केली. मिलच्या भंगारातून एक चेंजओव्हर खटका आणला. चिनी मातीची बैठक, तांब्याची पाती, लाकडाची मूठ, एखाद्या सरदाराच्या तलवारीसारखी. खटका वर, तर दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्या. खटका खाली, तर वेगळ्या. नसीरभाईंनी पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "आपकी मर्जी, उस्ताद."

आठ दिवस मी नावेतच होतो. सकाळचं ऊन पाठीवर, गुडघे गारठलेले, नाकात डिझेलचा आणि शेवाळाचा वास. नवीन बॅटरीला मागच्या बाकाखाली पाण्यापासून उंचावर लाकडी खोकं केलं. जाड तांब्याच्या तारा ओढल्या, त्या मिलच्याच सुती फितीने गुंडाळल्या. टोकांना व्हॅसलिन चोपडलं. मिलमध्ये एसी, करंट येतो आणि जातो, इथे बॅटरीचा डीसी, तो नुसता जातो, लाल तार कुठली आणि काळी कुठली हे विसरलं की ठिणगी थेट मिशीपर्यंत. त्याच दिवसांत ॲसिड उडून स्वेटरला ती सात भोकं पडली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रफू करून देते." मी म्हटलं, राहू द्या, याची गोष्ट होईल.

भास्करने बॅटऱ्यांना नावं दिली. इथून जवळ देवास आहे, तिथे एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एकाचं राज्य, पलीकडे दुसऱ्याचं. घराणं एक, गादी वेगळी. भास्करने खडूने खोक्यांवर लिहिलं. इंजिनजवळची थोरली, बाकाखालची धाकटी. "आणि मधला रस्ता म्हणजे हा खटका," तो म्हणाला. "एकत्र राहून भांडण्यापेक्षा वेगळे राहून मजेत." मला ते वाक्य फारसं आवडलं नाही. पण मी हसलो.

आणि नाव चालली की! चौकात बसून मी सांगायचो की आमची नाव आता नर्मदेवर जाऊन मोटरबोटींना ओढून आणते. खरी गोष्ट एवढी की अर्धा तास दिवे-सनई चालून चावी फिरवली की इंजिन पहिल्या हाकेला ओ द्यायचं.

फक्त एक खोट होती, ती खटक्यात नव्हती, आमच्यात होती. इंजिन बंद केलं की कुणीतरी खटका खाली ओढायचा, एवढंच काम. ते आम्हाला दोघांनाही जमेना. हसाल, पण मिलच्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःहून काही बंद केलेलं नसतं. भोंगा वाजतो, मग हात उठतो. बावीस वर्षं माझा हात माझा नव्हता, भोंग्याचा होता. इंजिन थांबलं, शांतता पसरली की आम्ही दोघे हात मांडीवर ठेवून बसायचो, आणि आतून कान लावून असायचो, की आता वाजेल.

हे मंदावहिनींच्या लक्षात आलं. त्या किनाऱ्यावर थर्मास घेऊन, तिकिटांची पुडकी सांभाळत बसायच्या. नावेचं इंजिन थांबल्याचं ऐकू आलं की त्या उभ्या राहायच्या आणि पदर खोचून तलावभर हाक द्यायच्या, "खटकाऽऽऽ!" बदकं उडायची. माझा हात आपोआप जायचा. भास्कर बसलेल्यांना सांगायचा, "घाबरू नका, आमचा भोंगा आहे." पौष लागेपर्यंत त्या हाकेवर आमची नाव बिनचूक चालली. घरी जाताना त्या म्हणायच्या, "तुम्हा दोघांना मी नसते तर कुणी तारलं असतं देव जाणे." त्या संध्याकाळी आमटीत गूळ जरा जास्त असायचा.

संक्रांतीला शिरीष आला. भला मुलगा. त्याने नाव बघितली, तारा बघितल्या, खोक्यांवरची अक्षरं वाचून हसला. म्हणाला, "काका, काम पक्कं केलंय." त्या दिवशी गिऱ्हाईक घ्यायचं नाही असं ठरलं, फक्त आम्ही चौघे. मंदावहिनींनी काळी चंद्रकळा नेसली होती, डब्यात तिळगूळ होता. त्या पहिल्यांदाच नावेत बसल्या. इतके दिवस किनाऱ्यावरून ओरडलेल्या बाईने मधून तलाव बघितलाच नव्हता.

मध्यावर भास्करने इंजिन बंद केलं. दिवे लागले, सनई सुरू झाली. आकाशात शहराकडून भरकटत आलेला एक तुटका पतंग होता. वहिनी मुलाचा हात धरून बदकांकडे बघत बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की हाक मारायचं त्यांना सुचलं नाही. कशाला सुचेल? भोंग्याने कधी सुट्टी घेऊ नये का? मी खटक्याशेजारी बसलो होतो आणि शिरीषला मगरीची गोष्ट सांगत होतो, कशी ती बिलावलीत राहते आणि दर एकादशीला उपास करते. तो खळखळून हसत होता. गोष्ट रंगली. अर्धा तास गेला, त्याहून जास्तच.

मग चावी फिरली. कट्.

पुन्हा, कट्. थोरली गेली, धाकटी गेली. दिवे पिवळे होत होत काजव्याएवढे झाले. सनई एकेका सुराला जड होत घोगरी झाली आणि थांबली. शिरीष काही न बोलता उठला, बांबू घेतला आणि वल्हवू लागला. बोलला असता तर भांडता आलं असतं. किनाऱ्याला लागल्यावर भास्करने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चला. ठरलं मग."

पंधरा दिवसांत स्नेहलतागंजातल्या खोल्या रिकाम्या झाल्या. नाव महेश्वरच्या एकाने नेली. मी स्टेशनवर गेलो, सगळ्यांना हसवलं, गाडी हलेपर्यंत बोलत होतो. संध्याकाळी सवयीने पाय स्नेहलतागंजाकडे वळले. निम्म्या वाटेवर थांबलो. भूक लागली होती आणि कुठे जायचं ते कळत नव्हतं. नंतर मी पंख्यांच्या मोटरी गुंडाळायचं दुकान काढलं, खानावळी बदलल्या, डाळ-बाफले हाताने करायला शिकलो. संस्थानं मात्र संपली. विचारणारंच कुणी नाही तर राजकन्या कुठून येणार?

पण त्या दिवसाची गोष्ट मी चौकात सांगत राहिलो. पहिल्या वर्षी सांगायचो, भास्कर खटका पाडायला विसरला. मग गोष्टीत वादळ आलं. मग एक सारस पक्षी येऊन खटक्याच्या मुठीवर बसला आणि हलेचना. सारस लोकांना फार आवडतो. त्यांना सारस आणि वादळ मिळतं, भास्करचा विसराळूपणा मिळतो. खटक्यापासून हातभर अंतरावर कोण बसलं होतं, हे कुणी विचारत नाही, आणि मी सांगत नाही.

परवा तो स्वेटर घालून बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील, खिडकीत ऊन होतं. काय झालं माहीत नाही, पुण्याला फोन लावला. मंदावहिनी जाऊन तीन वर्षं झाली. फोन भास्करनेच उचलला. तब्येत झाली, गुडघे झाले, शिरीषच्या मुलीचं कॉलेज झालं. मग मी म्हणालो, "भास्कर, त्या संक्रांतीला खटका मी पाडला नाही. माझ्या हाताशी होता."

"हो," तो म्हणाला.

"हो काय? मी गावभर तुझं नाव सांगत फिरलो. तू विसरलास म्हणून."

"तेही कळलं होतं. इंदूरहून माणसं येतात ना इकडे." तो खोकला. "आणि खटका वर होता ते मला दिसत होतं, यार. मी समोरच बसलो होतो."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "मग बोलला का नाहीस?"

"तुझी मगर रंगात आली होती. पोरगं हसत होतं. मंदा इतकी खुशीत होती." मग जरा थांबून, "आणि मला जायचं होतं रे. रोज त्या बंद गेटासमोरून जाणं होत नव्हतं. तुला तोंडाने सांगवत नव्हतं, म्हटलं, बॅटरी सांगेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक सांगू?" भास्कर म्हणाला. "तू तारा ओढल्यास, खोकी केलीस, अंगावर ॲसिड घेतलंस. आठ दिवस थंडीत वाकून बसला होतास. सगळं केलंस. पण एकदाही 'जाऊ नको' म्हणाला नाहीस."

"म्हणालो असतो तर राहिला असतास?"

"नाही. गेलोच असतो."

तिकडे त्याच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

"पण म्हणायचं होतंस, यार," तो म्हणाला.